समदुःखितांची बैठक

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मढसारख्या गावात कुणाच्या हातून विळा वारंवार गळू लागला, किंवा सपाट अंगणातही पाय अडखळू लागला, तर प्रथम अशक्तपणाचा, मग वाताचा, मग मणक्याचा संशय घेतला जातो. आणि जुन्नर, नारायणगाव, पुणे अशी इस्पितळे पालथी घालून झाल्यावर, बहुधा वर्ष उलटल्यानंतर, कागदावर 'मोटर न्यूरॉन डिसीज' हे नाव उमटते. फ्रेंच धन्वंतरी जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ च्या सुमारास जिचे पद्धतशीर वर्णन केले, ती ही व्याधी, अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, संक्षेपाने एएलएस. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी क्रमाने नष्ट होत जातात. हातपाय, वाचा, गिळणे आणि अखेर श्वसन हातचे जाते, बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते, आणि लक्षणे दिसू लागल्यापासून दोन ते पाच वर्षांचीच मुदत बहुसंख्यांना मिळते. अमेरिकेत १९९५ मध्ये संमत झालेले रिलुझोल ती काही महिन्यांनी वाढवते, इतकेच.

पाश्चात्त्य देशांत दर लक्ष वस्तीमागे वर्षाला सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. तोच हिशेब, हवा तर निम्मा करून, सुमारे चार लक्ष वस्तीच्या जुन्नर तालुक्याला लावला, तरी दरसाल चार घरे निघतात, आणि त्या चार घरांना परस्परांचा पत्ता नसतो. शेजारी येतात, देवाला कौल लावतात, स्टीफन हॉकिंग यांचा हवाला देतात. हॉकिंग १९६३ मध्ये निदान झाल्यावर ५५ वर्षे जगले, २००१ मध्ये व्याख्यानासाठी मुंबईलाही येऊन गेले, हे सर्व खरे. पण अपवादाच्या आधारावर संसाराची तजवीज करता येत नाही.

मुंबईत डॉ. हेमांगी साने यांनी या रुग्णांसाठी उभी केलेली 'आशा एक होप फाउंडेशन' ही संस्था ज्या बैठकी भरवते, त्यांचे प्रयोजन सांत्वन हेच असावे, असे दुरून वाटते. माझ्या मते सांत्वन तेथे दुय्यम असून पूर्वसूचना हे खरे देणे आहे. डॉक्टरांकडे दहा मिनिटे असतात. ज्या बाईने नवऱ्याला दोन वर्षे उचलले, उतरवले, भरवले, तिच्याकडे त्या दहा मिनिटांत न मावणारे ज्ञान असते. काखेत हात घालून ओढू नका, दुबळा खांदा निखळतो. नुसत्या पाण्याने ठसका लागतो, म्हणून पेज दाटच ठेवा. पोटात नळी बसवायची असेल तर श्वासाची ताकद पुरेशी असतानाच बसवा, नंतर भूल झेपत नाही. आणि आवाज आहे तोवर तो ध्वनिमुद्रित करून ठेवा. यातली एकही गोष्ट गुपित नाही. वेळेवर कळणे तेवढे दुर्मीळ.

वाचा गेल्यानंतरच्या संभाषणाचेच पाहा. पुठ्ठ्यावर पहिल्या ओळीत स्वर, त्याखाली कवर्ग, चवर्ग, टवर्ग अशा ओळी लिहितात. घरच्या माणसाने ओळ विचारायची, रुग्णाने पापणी मिटून होकार द्यायचा, मग त्या ओळीतील अक्षरे एकेक उच्चारायची. डोळ्यांचे स्नायू बहुधा अखेरपर्यंत साथ देतात, म्हणून हे साधते. काना-मात्रा गाळून 'प', 'ण' एवढे झाले की सून पाणी आणते. पण 'म', 'न' यांवर मन, मान की मीना, हे ठरवताना दोघांचाही धीर सुटतो, आणि अशा वेळी चिडणे हा अपराध नव्हे, हे दुसऱ्या एखाद्या सुनेकडून ऐकणे फार मोलाचे असते.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी व सांभाळणाऱ्यास शुभंकर म्हणतात. तेथे शुभार्थी वर्षानुवर्षे येत राहतात, सहली काढतात, ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन साजरा करतात. एएलएसच्या बैठकीला ते भाग्य नाही; तेथील खुर्च्या लवकर रिकाम्या होतात. नव्याने आलेल्याला व्हेंटिलेटरवरचा मनुष्य पाहून धडकी भरते, हा दोषही नाकारता येणार नाही, आणि खात्रीच्या इलाजाचे विक्रेते अशा मंडळींच्या भोवती घोटाळतात, त्यांना दारातूनच परत पाठवणारा खमका चिटणीस हवा. सरकारदरबारी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात दीर्घकालीन मज्जाविकारांची उदाहरणे देताना मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन्स यांचा नामनिर्देश आहे, एएलएसचा नाही. त्यामुळे दाखल्याचा अर्ज कसा मांडावा, हेही आधी गेलेल्यालाच विचारावे लागते.

मढहून मुंबईची बैठक गाठणे मान न सावरणाऱ्या माणसाला अशक्यच. पण शुभंकराला फोन करता येतो. तेव्हा जुन्नर-आंबेगावातील डॉक्टरांना विनंती अशी, की निदानाचा कागद हाती देताना, संबंधितांच्या संमतीने, त्याच वाटेने गेलेल्या एका तरी घराचा नंबर त्या कागदामागे लिहून द्यावा. आणि ज्या घरातील माणूस गेला, त्यांनी आपला नंबर त्यासाठी डॉक्टरांकडे ठेवावा.