अजातशत्रू : सत्तेची भूक आणि सत्तेची भीती

कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलेल्या आपल्या मुलामुलींना शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ अभ्यासाला असतो. वि. वा. शिरवाडकरांनी याच नाटकावरून मराठीत ‘राजमुकुट’ लिहिले. मॅकबेथ शूर सेनापती, राजाचा नातेवाईक आणि विश्वासातला माणूस. आपण राजा होणार हे भाकीत तो ऐकतो आणि घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाचाच खून करतो. मुकुट मिळतो, पण झोप जाते. मग मित्राचा खून, मग एका सरदाराच्या बायकामुलांची कत्तल. अशा माणसाला शोकनायक म्हणतात. शोकनायक हा जन्मजात दुष्ट नसतो. त्याच्यात गुण असतात, मोठे होण्याची ताकद असते. एका दोषामुळे तो ती ताकद स्वतःच नासवतो, म्हणून त्याचे वाईट वाटते.

असा नायक आपल्या पाली साहित्यातही आहे. मगधाचा राजा अजातशत्रू. आपण त्याला दोन गोष्टींसाठी ओळखतो. त्याने बाप बिंबिसाराला मारले आणि पुढे राजगृहाच्या पहिल्या धम्मसंगीतीला राजाश्रय दिला. या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडले, ते चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

कान भरणारा माणूस

सुरुवात देवदत्तापासून होते. देवदत्त शाक्य कुळातला, तथागतांचा नातेवाईक. आनंद आणि अनुरुद्ध यांच्यासोबत तो संघात आला. त्याने साधना केली, सिद्धी मिळवल्या. राजपुत्र अजातशत्रू त्याच्यावर भाळला आणि त्याच्याकडे रोज भोजनाच्या गाड्या जाऊ लागल्या. मान वाढला तसा देवदत्ताच्या मनात विचार आला की संघाचे नेतृत्व आता आपल्याकडे असावे. विनयपिटकातला चुल्लवग्ग सांगतो की हा विचार मनात येताच त्याच्या सिद्धी नाहीशा झाल्या. अजून त्याने कुणाचे काही बिघडवले नव्हते. पहिले नुकसान त्याचे स्वतःचेच झाले.

भगवंत आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी विश्रांती घ्यावी आणि संघ माझ्या हाती सोपवावा, अशी मागणी त्याने भर सभेत केली. तथागतांनी ती नाकारली. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याही हाती आपण संघ सोपवणार नाही, असे ते म्हणाले. अपमानाने पेटलेला देवदत्त राजपुत्राकडे गेला. आयुष्याचा भरवसा नाही, राजपुत्र म्हणूनच मरशील. तू बापाला मारून राजा हो, मी बुद्धाला मारून बुद्ध होतो, असे त्याने सुचवले.

राज्य मिळाले होते, तरी बाप मारला

या कथेतली एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अजातशत्रू खंजीर घेऊन राजवाड्यात शिरला तेव्हा अमात्यांनी त्याला पकडले. त्याने सरळ कबुली दिली की देवदत्ताच्या सांगण्यावरून बापाला मारायला आलो आहे. बिंबिसाराने विचारले, का मारायचे आहे? उत्तर आले, राज्यासाठी. बिंबिसाराने त्याच क्षणी राज्य मुलाच्या स्वाधीन केले.

म्हणजे जे हवे होते ते रक्त न सांडता मिळाले. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपली नाही. जिवंत बाप कधीतरी राज्य परत मागेल, हे भय देवदत्ताने मनात घातले. अट्ठकथेनुसार अजातशत्रूने बापाला कैदेत टाकून त्याचे अन्न तोडले. राणी कोसलादेवी लपवून अन्न नेत असे, तेही बंद केले. तरीही बिंबिसार जगतो आहे हे पाहून शेवटी त्याच्या पायांना इजा केली, आणि त्यातच तो गेला.

सत्तेची भूक सत्ता मिळाल्याने शमत नाही, ती भीतीत बदलते. मॅकबेथने पहिला खून मुकुटासाठी केला आणि नंतरचे मुकुट जाऊ नये म्हणून केले. अजातशत्रूचे तर सारेच भीतीपोटी घडले, कारण राज्य त्याच्याकडे आधीच आले होते.

अट्ठकथा पुढे सांगते की बिंबिसार गेला त्याच दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला. दोन्ही निरोप एकाच वेळी आले. अमात्यांनी जन्माचा निरोप आधी दिला. मुलाविषयी माया दाटून आली तेव्हा त्याला कळले की आपल्या जन्मावेळी बापालाही असेच वाटले असेल. त्याने बापाला सोडण्याची आज्ञा दिली. मग अमात्यांनी दुसरा निरोप पुढे केला.

शांततेला घाबरलेला राजा

दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात हाच राजा पुन्हा भेटतो. कार्तिक पौर्णिमेची रात्र. मन शांत व्हावे म्हणून कुणाकडे जावे असे तो अमात्यांना विचारतो, आणि अखेर वैद्य जीवकाच्या सांगण्यावरून त्याच्या आम्रवनात जातो. तिथे १२५० भिक्खूंसह तथागत आहेत. पण जवळ जाताच राजाच्या अंगावर काटा येतो, कारण कसलाच आवाज नाही. ना खोकला, ना कुजबुज. जीवका, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे तो विचारतो. ज्याच्यामागे हत्तींचा लवाजमा आहे त्या राजाला ध्यानस्थ भिक्खूंची शांतता कटासारखी वाटली.

तो शांत संघ पाहून त्याच्या तोंडून पहिले उद्गार निघाले ते मुलासाठी : माझ्या उदयभद्राला अशी शांती लाभो. मुलगा आपल्यासारखाच वागेल ही भीती त्यामागे होती, असे अट्ठकथा म्हणते. महावंसाप्रमाणे ती खरी ठरली. उदयभद्राने बापाला मारले, त्याला त्याच्या मुलाने, आणि हे पिढ्यानपिढ्या चालले. शेवटी प्रजेनेच या पितृघातकी वंशाला हाकलून शिशुनाग नावाच्या अमात्याला गादीवर बसवले.

त्या रात्री अजातशत्रूने उपदेश ऐकला, आपला अपराध उघड कबूल केला आणि तो उपासक झाला. भरहुतच्या स्तूपावर या भेटीचे शिल्प आहे. तथागतांनी त्याची कबुली स्वीकारली. चूक चूक म्हणून पाहणे, ती मान्य करणे आणि पुढे संयम राखणे ही वाढच आहे, असे ते म्हणाले. पण राजा गेल्यावर त्यांनी भिक्खूंना सांगितले की या माणसाने स्वतःचेच मूळ उपटले आहे. बापाला मारले नसते तर त्याच आसनावर त्याला धम्मचक्षू प्राप्त झाला असता. याची शोकांतिका हीच. माफी मिळाली, पण जे होता आले असते ते होता आले नाही.

आपल्यापुरते

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी रिपब्लिकन पक्षाची आणि पँथरची फूट पाहिली. फुटीची कारणे अनेक असतात, सगळा दोष महत्त्वाकांक्षेवर टाकणे बरोबर नाही. तरुणांनी पुढे येण्याची इच्छा बाळगणे हाही दोष नाही. पण मंडळाच्या अध्यक्षपदापासून आमदारकीपर्यंत काही खुणा आपण ओळखू शकतो. पद मिळूनही जुन्या माणसाचा काटा काढावासा वाटतो. बैठकीतली शांतता कट वाटू लागते. ‘आता तुझी पाळी, किती थांबणार?’ असे म्हणणारा एक माणूस सतत जवळ असतो.

यावर तथागतांनी केवळ उपदेश केला नाही, व्यवस्थाही लावली. आपल्यानंतरचा वारस त्यांनी नेमला नाही. धम्म आणि विनय हेच शास्ता असतील असे आनंदाला सांगितले. वज्जी जोवर वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने निर्णय घेतात आणि वडीलधाऱ्यांचा मान राखतात तोवर त्यांची हानी होणार नाही, असेही ते म्हणाले. हे बोलणे अजातशत्रूच्याच वस्सकार नावाच्या अमात्यासमोर झाले, कारण राजाला वज्जींचे राज्य हवे होते. पुढे याच वस्सकाराने वज्जींमध्ये फूट पाडली आणि मग मगधाने त्यांना जिंकले, असे अट्ठकथा सांगते. उपासक झालेल्या राजाचीही भूक गेली नव्हती.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संघटनेचे पद ठरावीक मुदतीचे असावे, हिशेब सर्वांसमोर मांडावा, बैठका नियमित व्हाव्यात आणि चूक झाल्यास ती तिथेच कबूल करता यावी. येत्या कार्तिक पौर्णिमेला आपल्या विहारात सामञ्ञफल सुत्ताचे वाचन ठेवावे, आणि वाचून झाल्यावर तरुणांनी त्यावर मोकळेपणाने बोलावे.

नमो बुद्धाय. जय भीम.