ऑटोफोकस नाही? मग तर मजाच आहे!

लाखाची लेन्स परवडत नाही म्हणून पक्ष्यांचे फोटो काढायचं स्वप्न गुंडाळून ठेवलंय? जरा थांबा. तुमच्या बाबांच्या वयाची एखादी लेन्स गावातल्याच कुठल्यातरी कपाटात तुमची वाट बघत पडली असेल.

बुलडाणा जिल्ह्यात राहता आणि फोटोग्राफीचं वेड आहे, म्हणजे तुम्ही नशीबवान आहात. एकीकडे लोणारचं विवर, दुसरीकडे ज्ञानगंगा अभयारण्य, तिकडे सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ नावाचा तरुण वाघ शेकडो किलोमीटर पायपीट करत ज्ञानगंगेत पोचला, तेव्हा आख्ख्या देशाने या जंगलाचं नाव ऐकलं. फोटो काढायला विषय कमी नाहीत. कमी पडतात ते पैसे. सेकंडहँड कॅमेरा कसाबसा जमतो, पण पाच-सहाशे एमएमच्या नव्या ऑटोफोकस लेन्सची किंमत विचारली की गप्प बसावं लागतं.

इथेच जुनी मॅन्युअल फोकस टेलिफोटो लेन्स कामी येते. ऑटोफोकसचे एसएलआर कॅमेरे लोकप्रिय झाले ते १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० आल्यानंतर. त्याआधी बहुतेक सगळे फोटोग्राफर हातानेच रिंग फिरवून फोकस करायचे. उडते पक्षी, धावते खेळाडू, सगळं. त्या काळातल्या १३५, २००, ३०० एमएमच्या लेन्स आजही आहेत. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांना विचारून बघा. मुंबईला जाणं झालं तर फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारा.

आधी जुळतंय का ते बघा

कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर बसत नाही. लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांच्यात ठरावीक अंतर लागतं. निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ मिलिमीटर आहे, कॅननच्या ईएफला ४४, तर जुन्या कॅनन एफडीला ४२. म्हणून जुनी निकॉन लेन्स साध्या अडॅप्टरने कॅननच्या डीएसएलआरवर चढते, पण कॅननचीच जुनी एफडी लेन्स चढवली तर लांबचं फोकसच होत नाही. घरचीच लेन्स, पण घरातच चालेना!

मिररलेस कॅमेरा असेल तर काम सोपं. सोनीच्या ई माउंटला हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. मधली जागा भरून काढायला काचेशिवायची एक पोकळ रिंग पुरते. त्यामुळे जवळपास कुठलीही जुनी एसएलआर लेन्स त्यावर बसते.

तुमच्याकडे निकॉनचा साधा डीएसएलआर असेल तर १९७७ नंतरच्या एआय किंवा एआय-एस लेन्स थेट बसतात. मात्र सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये त्यांच्यासाठी लाइट मीटर चालत नाही. एम मोडवर ठेवा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम बघा, शटर स्पीड बदला. दोन दिवसांत सवय होते. १९७७च्या आधीच्या नॉन-एआय लेन्सच्या बाबतीत सांभाळून. काही बॉडींना त्यांच्यामुळे इजा होऊ शकते.

विकत घेताना लेन्स उजेडासमोर धरा. आत कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी, नाद सोडा. अपर्चरच्या पात्यांवर तेल नको. फोकसची रिंग सलग फिरायला हवी, मध्येच अडकायला नको.

दहा सेंटीमीटरचा खेळ

आता खरी गंमत. एपीएस-सी सेन्सरवर २०० एमएमची लेन्स, अपर्चर एफ ४, आणि पक्षी पाच मीटरवर. फोटोत शार्प दिसणारा पट्टा किती? साधारण दहा सेंटीमीटर. वीतभरही नाही! डोळा टिपला तर शेपटी धूसर, शेपटी टिपली तर डोळा गेला. म्हणून नियम एकच : डोळा. तो शार्प असेल तर बाकीचं माफ. एफ ८ केलं तर हा पट्टा दुप्पट होतो, पण उजेड मात्र चौपट लागतो.

मिररलेसमध्ये फोकस पीकिंग सुरू करा. शार्प कडांवर रंग चमकतो. पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको. पक्षी निवांत बसलेला असेल तर दृश्य मोठं करून खात्री करा. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात छोटा ठिपका लागतो, तो एफ ५.६ किंवा त्याहून मोठ्या अपर्चरच्या मॅन्युअल लेन्सलाही लागतो.

हात हलला तर फोकस बरोबर असूनही फोटो गेला. २०० एमएम एपीएस-सीवर ३०० सारखी वागते, त्यामुळे शटर निदान १/३२० हवं. चुळबुळ्या पक्ष्याला १/१०००. कॅमेऱ्याच्या आतच स्थिरीकरण असेल तर मेनूत लेन्सचा आकडा स्वतः भरा, जुनी लेन्स तो कॅमेऱ्याला सांगत नाही. ट्रायपॉड नाही? जुन्या जीन्सचा पाय कापा, ज्वारी भरा, दोन्ही टोकं शिवा. झाली बीनबॅग तयार.

वेड्या राघूची शाळा

सराव वाघावर होत नसतो. तो वेड्या राघूवर करा. शेताच्या कडेच्या तारेवर बसलेला हा हिरवा पक्षी उडतो, हवेतच किडा पकडतो आणि पुष्कळदा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. तुम्ही फक्त त्या जागेवर आधीच फोकस लावायचा आणि थांबायचं. तो परत टेकता टेकता तीन-चार फोटोंची सर झाडायची. ऑटोफोकस मागच्या फांदीवर भरकटतो, तुमचा फोकस जागचा हलत नाही.

मग लोणारला जा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वरून पलीकडच्या काठावरचा पक्षी कुठलीच लेन्स ओढून आणणार नाही. खाली उतरा, तेही सकाळी लवकर. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लाखाची लेन्सही हात टेकते. पाण्याच्या कडेला शेकाट्या लांब गुलाबी पायांवर सावकाश चालतो. नवशिक्यासाठी यापेक्षा समजूतदार मॉडेल मिळणार नाही.

एक मात्र पक्कं ठरवा. २०० एमएम कमी पडतंय म्हणून पक्ष्याच्या अंगावर जायचं नाही. घरट्याचे फोटो नकोत, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं नको. लोणार आणि ज्ञानगंगा ही अभयारण्यं आहेत, तिथले नियम तिथल्यासारखेच पाळायचे. पक्षी लहान आला तर लहान येऊ द्या, सोबत त्याचं तळं, त्याची बाभूळही येऊ द्या.

आणि काढलेले फोटो फक्त स्टेटसला टाकून सोडून देऊ नका. तारीख आणि जागा लिहून ई-बर्डसारख्या मोफत व्यासपीठावर नोंदवा. २०२० मध्ये लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि त्याच वर्षी हे तळं रामसर यादीतही आलं. ही जागा बदलतेय. इथे कोणता पक्षी कधी येतो, कधी यायचा थांबतो, हे वर्षभर बघू शकणारा माणूस पुण्या-मुंबईहून येणार नाही. तो मेहकर, चिखली किंवा खामगावच्या कॉलेजातच असणार. ओळख पटण्यापुरता शार्प फोटो त्याला पुरतो, आणि तेवढा तर चाळीस वर्षं जुनी लेन्सही आरामात देते.