डिझेल गाडींतील काजळीची गाळणी व तिची शुद्धि

गेल्या चार-पांच वर्षांत आमच्या सभासदांपैकीं बऱ्याच जणांच्या दारांत चारही चाकांस जोर मिळणारी डिझेल गाडी आलेली आहे. पाणंदींतील चिखल, ओढ्याचें पात्र, ऊस तुटल्यावरचा फड अशा ठिकाणीं तिचा उपयोग फार. परंतु या गाड्यांच्या संबंधानें एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. ती अशी कीं, गाडी चांगली चालत असतां समोरील फलकावर एक पिंवळा दिवा लागतो, थोड्याच दिवसांत गाडीचा जोर जातो, आणि वर्कशॉपमध्यें नेली असतां "डी. पी. एफ. भरला आहे" असें सांगून भलें मोठें बिल हातीं देण्यांत येतें. हा डी. पी. एफ. म्हणजे काय, तो कशानें भरतो व रिकामा कसा होतो, हें ठाऊक नसल्यामुळें कोणी गाडीला, कोणी डिझेलला, तर कोणी मेकॅनिकला दोष देतात. सबब या विषयाची माहिती थोडी विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनांत गेलेलें डिझेल सर्वच्या सर्व जळतें असें नाहीं. तेलाच्या फवाऱ्याचा जो भाग हवेशीं नीट मिसळत नाहीं तो अर्धवट जळून त्याची काजळी होते, व ती धुराबरोबर बाहेर पडते. तिचे बहुतेक कण इतके बारीक असतात कीं, ते थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोंचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातला. ही काजळी अडविण्यासाठीं धूरनळींत बसविलेली गाळणी म्हणजेच डी. पी. एफ. होय. फ्रान्समधील पेजो कंपनीनें २००० सालीं आपल्या ६०७ या मोटारींत ती सरसकट बसविण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम अमलांत आले, व तेव्हांपासून नव्या डिझेल मोटारींत ती येऊं लागली. त्याच दिवसापासून डिझेलमधील गंधकाचें प्रमाणही दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणण्यांत आलें. कोणी स्वस्ताईच्या लोभानें टाकींत रॉकेल मिसळीत असेल, तर तो हें सर्व व्यर्थ करीत आहे, एवढेंच येथें सांगतों.

गाळणीची रचना मोठी चतुराईची आहे. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें तींत शेंकडों बारीक नळ्या शेजारीं शेजारीं असतात. पोळें मेणाचें असतें. ही भाजलेल्या मातीच्या जातीच्या, उष्णता सोसणाऱ्या पदार्थाची असते. एक नळी पुढून उघडी व मागून बंद, तर तिच्या शेजारची पुढून बंद व मागून उघडी. धूर उघड्या तोंडानें आंत शिरतो, पुढें वाट नाहीं म्हणून नळीच्या सच्छिद्र भिंतींतून पाझरून शेजारच्या नळींत जातो, व तेथून बाहेर पडतो. काजळी भिंतीवर राहते. चांगल्या स्थितींतील गाळणी शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक काजळी धरते.

परंतु धरलेली काजळी जावयाची कोठें? कंदिलाची कांच आपण रोज फडक्यानें पुसतों. ही कांच कोणी पुसूं शकत नाहीं. ती जाळूनच साफ करावी लागते, व या जाळण्यासच रीजनरेशन म्हणतात. आम्ही त्यास शुद्धि म्हणूं. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हें चटकन् समजेल. जाळ चांगला भडकला म्हणजे धुराडें स्वच्छ राहतें. ओला पाला घालून जाळ मंद ठेवला म्हणजे तेंच धुराडें काजळीनें कोंदतें.

काजळी नुसत्या हवेंत पेटण्यास सुमारें ५५० ते ६०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. गांवांतल्या गांवांत हिंडणाऱ्या गाडीचा धूर बहुधा १५० ते ३०० अंशांच्या पलीकडे जात नाहीं. घाट चढतांना, माल भरलेला असतांना किंवा मोठ्या रस्त्यावर एका वेगानें लांब जातांना धूर अधिक तापतो. त्या वेळीं गाळणीच्या पुढें बसविलेल्या रासायनिक जाळीवर एक तिखट वायु तयार होतो, आणि त्याच्या योगानें काजळी कमी उष्णतेंतही हळूहळू जळत राहते. ही सहज होणारी शुद्धि. ज्याच्या गाडीस असा प्रवास नेहमीं घडतो, त्यास पिंवळा दिवा क्वचितच दिसतो.

सहज शुद्धि पुरी पडली नाहीं म्हणजे इंजिन स्वतःच ती घडवून आणतें. गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाबाचा फरक मोजणारें यंत्र बसविलेलें असतें. शिवाय किती डिझेल जळलें, गाडी किती व कशी चालली, याचा हिशेब गाडींतील संगणक सतत ठेवतो. काजळी ठराविक मर्यादेस पोंचली कीं, नेहमीचें जळण संपल्यावर सिलिंडरांत थोडें जादा डिझेल सोडलें जातें. तें तेथें न जळतां धुराबरोबर पुढें जातें, रासायनिक जाळीवर पेटतें, आणि गाळणीची उष्णता सुमारें ६०० अंशांवर नेतें. हें काम दहा ते पंचवीस मिनिटें चालतें, व वापराच्या मानानें कांहींशें किलोमीटरांस एकदां होतें. त्या वेळीं उभ्या गाडींत इंजिनाचे फेरे किंचित् वाढतात, गरम वास येतो, डिझेल अधिक लागतें, आणि गाडी मध्येंच बंद केली तर पंखा बराच वेळ घुमत राहतो. यांस बिघाड समजूं नये.

खरी अडचण मात्र येथेंच आहे. ही शुद्धि सुरू होण्यास इंजिन पुरतें तापलेलें असावें लागतें, टाकींत डिझेल बेताचें तरी असावें लागतें, दुसरा बिघाड नसावा लागतो, व बहुतेक गाड्यांत कांहीं वेळ बऱ्यापैकीं वेगानें धांवावें लागतें. आतां बागाइतदाराचा दिनक्रम पहा. सकाळीं घरून मळ्यांत तीन किलोमीटर, तेथून सोसायटींत दोन, पुन्हां घरीं. इंजिन तापतें न तापतें तोंच गाडी बंद. बाजार समितीच्या आवारांत थंड हवेसाठीं अर्धा-अर्धा तास इंजिन चालू ठेवून बसण्याचीही हल्लीं पद्धत पडली आहे. त्यानें काजळी वाढते मात्र, जळत नाहीं. शेतांत चारही चाकांचा खालचा गिअर घातला म्हणजे इंजिनाचा आवाज मोठा होतो व गाळणी साफ होत असेल असा समज होतो. परंतु गाडीचा वेग बैलगाडीचा असल्यामुळें बहुतेक गाड्यांत शुद्धि सुरूच होत नाहीं.

अर्धवट राहिलेल्या शुद्धीचा आणखी एक परिणाम फारसा कोणास माहीत नसतो, आणि तो सर्वांत घातक आहे. जादा सोडलेल्या डिझेलचा कांहीं अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खालीं ओघळून इंजिन-ऑईलमध्यें मिसळतो. शुद्धि वारंवार सुरू होऊन वारंवार तुटली, तर ऑईल पातळ होत जातें. आमच्या परिचयाचे एक बागाइतदार ऑईलची पट्टी दर पंधरवड्यास काढून पाहत, व ऑईल कमी न होतां वाढतें आहे हें पाहून इंजिन फार उत्तम आहे असें चार लोकांत सांगत. वाढलें होतें तें डिझेल. इंजिनाच्या बेअरिंगचा खडखडाट सुरू झाला तेव्हां हें उमगलें, व दुरुस्तीस त्या हंगामांतील एका एकराच्या उसाचें बिल गेलें. म्हणून पट्टीवरील वरच्या खुणेपलीकडे ऑईल गेलेलें दिसतांच, किलोमीटर भरले नसले तरी, तें बदलावें.

दिवा लागला असतां काय करावें? प्रथम गाडीबरोबर मिळालेलें माहितीपुस्तक उघडावें. तें पिशवींतून बाहेरही न काढणारे मालक पुष्कळ आहेत, आणि दिव्यांचे अर्थ प्रत्येक गाडींत थोडे निराळे असतात. सामान्यतः नुसता गाळणीचा दिवा असेल तर टाकींत पुरेसें डिझेल घालून गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी, व एक गिअर खालचा ठेवून, फेरे दोन हजारांच्या वर राहतील अशा बेतानें, ताशीं साठाच्या पुढें पंधरा-वीस मिनिटें सारखी चालवावी. दिवा विझला तरी लगेच बंद न करतां थोडें पुढें जावें. दिवा लुकलुकत असेल, किंवा त्याच्या जोडीस इंजिनाचा दिवा लागून जोर गेला असेल, तर पळविण्याचा प्रयत्न करूं नये. मग वर्कशॉपमध्यें स्कॅनर लावून सक्तीची शुद्धि करून घ्यावी. त्या वेळीं गाळणी इतक्या लवकर कां भरली, हें विचारल्याशिवाय गाडी परत आणूं नये. इंजेक्टर गळत असेल, हवेची रबरी नळी फाटलेली असेल, तर साफ केलेली गाळणी महिन्याभरांत पुन्हां भरेल.

शुद्धि चालू असतां, अगर नुकतीच झाली असतां, गाडी उसाच्या पाचटावर, वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करूं नये. धूरनळी त्या वेळीं अतिशय तापलेली असते, व फडांतून फिरलेल्या गाडीच्या पोटाखालीं पाचट अडकलेलें असतें. उघड्या जमिनीवर उभी करून खालून वाकून पाहण्यास दोन मिनिटें लागतात. उभा फड जळण्यासही फार वेळ लागत नाहीं.

काजळी जळते, राख जळत नाहीं. ऑईलमधील कॅल्शियम, जस्त इत्यादि द्रव्यांची राख गाळणींत हळूहळू साचते. नोकरीचीं सर्व वर्षें आम्हीं वसुलीच्या हिशेबांत घालविलीं असल्यामुळें आम्हांस असें वाटतें कीं, काजळी ही वसूल होणारी बाकी व राख ही बुडीत बाकी. ती काढण्यास गाळणी उतरवून यंत्रानें धुवावी लागते. ती वेळ लांबवावयाची असेल तर पुस्तकांत सांगितलेल्या कमी राखेच्या जातीचेंच ऑईल घालावें. ट्रॅक्टरसाठीं आणलेल्या डब्यांतलें उरलेलें ओतूं नये.

नवी गाळणी कित्येक गाड्यांत लाखाच्या घरांत जाते. म्हणून ती कापून काढून संगणकास फसविण्याचा सल्ला देणारे लोक तालुक्याच्या गांवीं भेटतात. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नें गाडीच्या मूळ घडणींत असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ (४) अन्वयें मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. शिक्षा मालकास आहे, हें ध्यानांत असावें.

दोष नेहमीं चालविणाराचाच असतो, असें मात्र नाहीं. ऑस्ट्रेलियांत १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या मुदतींत विकलेल्या टोयोटा कंपनीच्या हायलक्स, फॉर्च्युनर व प्राडो या २,६४,१७० डिझेल गाड्यांची गाळणी-व्यवस्था सदोष होती, असा निकाल तेथील फेडरल कोर्टानें एप्रिल २०२२ मध्यें दिला. ताशीं सुमारें शंभर किलोमीटर वेगानें नेहमीं चालविल्यास ती नीट काम करीत नसे. भरपाईचा वाद पुढें हायकोर्टापर्यंत गेला. तेथें हायकोर्ट हेंच सर्वांत वरचें होय. तेव्हां चांगली चालवूनही दिवा पुन्हां पुन्हां लागत असेल, तर प्रत्येक भेटीचा कागद तारीखवार जपून ठेवावा.

ज्यांचें सर्व जाणें-येणें पांच-सात किलोमीटरांतच आहे, त्यांनीं नवी गाडी घेतांना पेट्रोलचा विचार अवश्य करावा. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यांस एक सोपी परीक्षा सांगतों. २०२० नंतरच्या गाडीच्या धूरनळीच्या तोंडाशीं, ती थंड असतां, आंतून बोट फिरवावें. गाळणी शाबूत असेल तर बोटास फारसें कांहीं लागत नाहीं. बोट काळेंभोर झालें, तर गाळणी तडकलेली आहे किंवा कोणीतरी काढून टाकलेली आहे. अशा गाडीचा सौदा स्कॅनर लावून पाहिल्याशिवाय करूं नये.