डिझेल घेऊ की पेट्रोल?

भारतातून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो : "गाडी घ्यायचीय, डिझेल घेऊ की पेट्रोल?" आपण परदेशात राहतो, म्हणजे आपल्याला ठाऊक असणारच, ही घरच्यांची समजूत! इथे पुंगोलमध्ये मात्र उत्तर सरकारनेच देऊन टाकलंय. १ जानेवारी २०२५ पासून सिंगापूरमध्ये नव्या डिझेल मोटारी आणि टॅक्सींची नोंदणी बंद झाली. एकेकाळी इथल्या बहुतेक टॅक्सी डिझेलवर धावत, हे आता मुलांना सांगावं लागतं.

असं का झालं? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापून डिझेल आपोआप पेट घेतं. या दाबामुळेच इंधन कमी लागतं. पण काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडंही तिथेच तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. तो स्वच्छ करायला फिल्टर आला, बऱ्याच गाड्यांत युरियाची टाकी आली, आणि किंमत चढली. तिकडे पेट्रोल इंजिनाने टर्बो, थेट इंधनफवारा आणि हायब्रिडची बॅटरी यांच्या जोरावर अंतर भरून काढलं.

भारतात ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि स्वस्ताईचं आकर्षण ओसरलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंदच केल्या.

मग डिझेल संपलं म्हणायचं? छे! ट्रक, ट्रॅक्टर, बोटी, जनरेटर यांचं ओझं अजून तेच वाहतं. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाची डुगडुग ऐकत आपल्यातले कित्येक जण वाढले. ते काम बॅटरीवर न्यायला वेळ लागेल.

आणि पेट्रोलवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. २०३० पासून सिंगापूरमध्ये नुसत्या पेट्रोलच्या नव्या मोटारींचीही नोंदणी होणार नाही. हायब्रिड, विजेची किंवा हायड्रोजनची गाडीच चालेल. चार्जिंगच्या सोयीसाठी आधी निवडलेल्या आठ वसाहतींत आपलं पुंगोलही आहे.

म्हणून पुढच्या फोनवर आधी उलट विचारा, "रोज किती फिरणार?" डिझेलच्या फिल्टरमधली काजळी जळायला लांब, सलग पल्ला लागतो. घर-ऑफिस-भाजीबाजार एवढंच असेल तर तो तुंबतो आणि खर्चात पाडतो. अशांनी पेट्रोल, जमल्यास हायब्रिड घ्यावी. महिन्यातून चार वेळा पुणे-नागपूर करणाऱ्याला मात्र डिझेल आजही परवडेल.