हरण्याची घाई आणि अडलेली चाल

बुद्धिबळाचा एक उलटा अवतार आहे. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो जिंकला! मारणे सक्तीचे, शह-मात नाही, राजाही इतरांसारखाच मारला जातो.

पण चालच उरली नाही तर? नेहमीच्या बुद्धिबळात ही बरोबरी. इथे ‘आंतरराष्ट्रीय’ नियमानुसार अडकलेलाच जिंकतो. दुसरा प्रचलित नियम सोंगट्या मोजतो: कमी असलेला विजयी, समसमान असतील तर बरोबरी. आता पांढऱ्याची दोनच प्यादी एका उभ्या पट्टीत मागेपुढे अडली आहेत आणि समोर काळ्याचे एकुलते प्यादे. चाल पांढऱ्याची. पहिल्या नियमाने पांढरा जिंकतो, दुसऱ्याने काळा.

यावर निघालेली तडजोड मोठी चतुर आहे. दोन्ही नियम एकाच खेळाडूला विजयी ठरवत असतील तरच विजय, नाहीतर बरोबरी.