होडी उलटली तर?

मोशीहून खडकवासला तासा-दीड तासावर, ट्रॅफिकने कृपा केली तर! तिथल्या जलाशयात एनडीएचे कॅडेट शिडाची होडी शिकतात. 2022 पासून त्यांत मुलीही आहेत. उद्या आपली लेक म्हणाली, "आई, मलाही सेलिंग शिकायचंय," तर पोटात गोळा येणारच.

मैत्रिणींनो, छोटी होडी उलटतेच. शिकवताना ती मुद्दामही उलटवतात. आधी सोबतिणीला हाक मारायची, ती दिसली पाहिजे. किनारा जवळ वाटला तरी पोहत निघायचं नाही. दम तिथेच संपतो. होडी तरंगत राहते, लांबून दिसतेही. शीड अंगावर आलं तर हाताने वर ढकलून श्वास घ्यायचा नि कडेने बाहेर यायचं. मग शिडाची दोरी मोकळी करायची, नाहीतर होडी पुन्हा आडवी! होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभं राहून, काठ धरून मागे झुकायचं. भिजलेलं शीड जड असतं, हळूहळू उठतं. घाई नको.

लाइफ जॅकेट मात्र आईनेच तपासावं. बकल लावून खांद्यांपाशी धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे. लहान मापाचं मागा.