कळलावा एरिस

ऑक्टोबर २००३ मध्ये पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने टिपलेला तो ठिपका संगणकाने चक्क बाद केला होता. कारण? फारच संथ चाल.

खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राउन आणि सहकाऱ्यांनी वेगाची अट सैल करून जुन्या प्रतिमा पुन्हा चाळल्या. तीन प्रतिमांत तारे जागच्या जागी, हा ठिपका मात्र केसभर सरकलेला! ५ जानेवारी २००५ रोजी एरिस असा हाती लागला.

आकार जवळपास प्लूटोएवढा. मग याला दहावा ग्रह म्हणायचं का? वाद प्रागपर्यंत गेला. तिथे २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने ‘बटुग्रह’ हा वेगळा वर्ग केला आणि प्लूटोचं ग्रहपद गेलं. एरिस ही ग्रीकांची कलहदेवता. नाव शोभतंच म्हणा.

पुढे नेमकं मोजमाप झालं. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, एरिसचा २,३२६. वजनाला मात्र एरिसच भारी.